प्रेक्षक आणि गिऱ्हाईक
व्हिडिओ दाखविणाऱ्यांच्या यशस्वी धंद्यांपासून घ्यावयाचा धडा

खेडोपाडी हिंडणाऱ्या ग्रामकार्यकर्त्यास अलीकडे एक नवा प्रश्न वारंवार विचारला जातो. कोणते वाण पेरावे, खताची मात्रा किती द्यावी, कीड पडल्यास काय फवारावे, हे जुने प्रश्न आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला एखादा तरुण शेतकरी किंवा बचत गटातील एखादी भगिनी असेही विचारते, ‘साहेब, आम्ही मोबाइलवर व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकतो. लोक पाहतातही. यातून चार पैसे कसे मिळतील?’

‘हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे’ असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते बरोबर नाही. ‘व्हिडिओ टाका म्हणजे लक्षाधीश व्हाल’ हे उत्तर तर त्याहूनही घातक आहे. कारण त्यावर विसंबून कर्ज काढून कॅमेरा घेणारे तरुण प्रत्येक तालुक्यात आढळतात. यास्तव ज्यांनी आपल्या प्रेक्षकांच्या बळावर खरोखरच धंदा उभा केला, त्यांनी तो कसा केला व त्यांना अडचणी कोठे आल्या, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उत्पन्नाचे तीन मार्ग

यूट्यूबची स्थापना अमेरिकेत २००५ साली झाली. २००६ साली गूगल कंपनीने ती विकत घेतली आणि २००७ पासून व्हिडिओ तयार करणाऱ्यांना जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा देण्यास सुरुवात झाली. आज असा वाटा मिळण्यासाठी चॅनलचे किमान १००० सबस्क्राइबर असावे लागतात, आणि मागील १२ महिन्यांत त्याचे व्हिडिओ एकूण ४००० तास पाहिले गेलेले असावे लागतात. छोट्या व्हिडिओंसाठी निराळी अट आहे. मोठ्या व्हिडिओवरील जाहिरातीच्या उत्पन्नापैकी शेकडा ५५ भाग व्हिडिओ करणाऱ्यास मिळतो.

हा झाला पहिला मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या कंपनीकडून पैसे घेऊन तिच्या मालाची शिफारस करणे. तिसरा मार्ग म्हणजे प्रेक्षकांना स्वतःचा माल किंवा स्वतःची सेवा विकणे.

पहिल्या मार्गातील उत्पन्न पावसासारखे असते. जाहिरातींचा दर आपल्या हाती नसतो, आणि आपला व्हिडिओ किती लोकांपुढे न्यावा हेही कंपनीच ठरविते. दुसऱ्या मार्गात पैसा लवकर मिळतो. परंतु तेथे आपण आपला शब्द विकीत असतो, हे ध्यानी ठेविले पाहिजे. तिसरा मार्ग कष्टाचा आहे. त्यास भांडवल लागते, माल लागतो आणि हिशेब लागतो. तथापि टिकाऊ धंदे बहुधा याच मार्गाने उभे राहिलेले दिसतात.

हॅमिल्टन गावची गोधडी

अमेरिकेच्या मिसूरी राज्यात हॅमिल्टन नावाचे सुमारे अठराशे वस्तीचे गाव आहे. सभोवार शेती आहे. पेनी या सुप्रसिद्ध दुकानदाराचा जन्म याच परिसरात १८७५ साली झाला, एवढीच त्याची जुनी ख्याती. पुढे इतर लहान गावांप्रमाणे येथीलही पेठ ओस पडत गेली.

या गावात जेनी डोन नावाच्या बाई राहतात. त्यांना सात मुले. त्यांचे पती कॅन्सस सिटी येथील एका वृत्तपत्राच्या कारखान्यात यंत्रकारागीर होते. २००८ च्या आर्थिक मंदीत या दांपत्याने म्हातारपणासाठी राखून ठेविलेली पुंजी बुडाली. जेनीबाईंना गोधड्या शिवण्याचा छंद होता. तेव्हा त्यांच्या मुलांनी गोधडीचे थर एकत्र टाचणारे एक मोठे यंत्र आणि गावातील एक जुनी इमारत विकत घेतली. इतरांच्या गोधड्या टाचून देऊन आईला चार पैसे मिळावेत, एवढाच त्यामागील हेतू होता. ‘मिसूरी स्टार क्विल्ट कंपनी’ असे त्या धंद्याचे नाव ठेविले.

परंतु अठराशे वस्तीच्या गावात गोधड्या टाचून घेणारी गिऱ्हाइके किती मिळणार? तेव्हा २००९ साली मुलाने आईस सुचविले की, गोधडी कशी शिवावी याचे पाठ व्हिडिओवर द्यावेत. जेनीबाई कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या आणि शेजारणीस शिकवावे तशा शिकवू लागल्या. कापड कसे जोडावे, कोन कसा जुळवावा, चुकले तर कसे उसवावे, हे सर्व त्यांनी फुकट दाखविले. जे काम अवघड म्हणून बायका टाळीत, ते एका दुपारी होण्यासारखे आहे, असा विश्वास पाहणारीस वाटू लागला.

येथपर्यंत पैसा कोठेच नव्हता. पैसा आला तो पुढच्या पायरीस. व्हिडिओ पाहून शिकलेल्या बाईस कापड हवे असते. कारखान्यातूनच अडीच इंचांच्या पट्ट्या, पाच इंचांचे चौकोन, दहा इंचांचे चौकोन अशा मापांत कापून आलेले कापडाचे गठ्ठे या कुटुंबाने विक्रीस ठेविले, आणि त्याच मापांवर जेनीबाईंचे पाठ बेतले. दररोज एका वस्तूवर मोठी सूट ठेवली. त्यामुळे गिऱ्हाईक रोज डोकावू लागले.

पुढे या कुटुंबाने गावच्या पेठेतील पडक्या इमारती एकेक करून घेतल्या, दुरुस्त केल्या आणि निरनिराळ्या तऱ्हेच्या कापडांची डझनाहून अधिक दुकाने थाटली. दूरदूरच्या राज्यांतून बायका बसगाड्यांनी येऊ लागल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या पुरुषमंडळींनी कंटाळू नये म्हणून आरामखुर्च्या मांडलेली एक निराळी जागाही करण्यात आली. कंपनीत शेकडो माणसांस काम मिळाले. २०१५ साली अमेरिकन सरकारच्या लघुउद्योग खात्याने या उद्योगाच्या चालकांचा राष्ट्रीय पातळीवर गौरव केला.

आपल्याकडे गोधडी किंवा वाकळ घरोघरी शिवली जाते. ती शिवणाऱ्या आजीच्या हाती कसब आहे, परंतु तिच्या कसबाचे मोल घराबाहेर होत नाही. म्हणून हे उदाहरण आपणांस परके वाटू नये.

यशाची कारणे

या उदाहरणाचा बारकाईने विचार केल्यास पुढील गोष्टी दिसून येतात.

पहिली गोष्ट अशी की, येथे आधी शिकविणे झाले आणि मग विकणे. विस्तार कार्यात आपण प्रात्यक्षिकाची पद्धत वापरतो ती याच कारणासाठी. शेतकरी नुसत्या सांगण्यावर विसंबत नाही; शेजारच्या बांधावर पीक उभे पाहिले म्हणजे त्याची खात्री पटते. व्हिडिओ हेही प्रात्यक्षिकच आहे. फरक एवढाच की, त्याचा बांध लांबवर पोचतो.

दुसरी गोष्ट, शिकविलेले काम करावयास जे लागते तेच विक्रीस ठेविले. पाठ गोधडीचा आणि विक्री भांड्यांची, असा प्रकार केला नाही.

तिसरी गोष्ट, मालाचा साठा, बांधणी व रवानगी ही कामे घरच्या व गावच्या माणसांनी केली. आई शिकवीत होती, मुले धंदा पाहत होती. दोन्ही कामे एकाच माणसाच्या शिरावर टाकली असती तर दोन्ही बिघडली असती.

चौथी गोष्ट, घाई केली नाही. पाठ वर्षानुवर्षे नियमाने चालू राहिले.

आपल्या देशातील उदाहरणे

तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात चिन्नवीरमंगलम् नावाचे गाव आहे. तेथील एका शेतकरी कुटुंबातील भावंडांनी २०१८ साली ‘व्हिलेज कुकिंग चॅनल’ सुरू केले. पूर्वी आचारी म्हणून काम केलेले त्यांचे आजोबा पेरियथंबी हे त्यात प्रमुख. उघड्या रानात मोठमोठ्या भांड्यांतून रांधावयाचे, सर्व सामान एकेक करून दाखवावयाचे आणि शिजलेले अन्न गरजूंना वाढावयाचे, असा त्यांचा शिरस्ता आहे. २०२१ साली त्यांच्या सबस्क्राइबरांची संख्या एक कोटीच्या वर गेली. तामिळ भाषेतील चॅनलला ही मजल प्रथमच गाठता आली. त्या प्रसंगी त्यांनी कोविड निवारणासाठी मुख्यमंत्र्यांच्या निधीस १० लाख रुपये दिले. पहिल्या मार्गाने, म्हणजे मुख्यतः जाहिरातींच्या वाट्यावर, चांगले उत्पन्न मिळू शकते याचे हे उदाहरण होय. परंतु एवढा प्रेक्षकवर्ग फार थोड्यांस लाभतो, हेही विसरू नये.

आपल्या मराठी भाषेत मधुरा बाचल यांनी २००९ साली, अमेरिकेत राहत असताना, पाककृतींचे व्हिडिओ करण्यास सुरुवात केली. पुढे मराठी पाककृतींचे त्यांचे चॅनल घरोघरी पाहिले जाऊ लागले आणि त्यांनी स्वतःच्या नावाचे मसाले बाजारात आणले. आमटी शिकविणाऱ्या बाईंकडूनच आमटीचा मसाला घ्यावा, असे गिऱ्हाइकास साहजिकच वाटते. हॅमिल्टनच्या कापडाचे तत्त्व येथेही लागू पडते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर) सारोळा कासार येथील सुमन धामणे यांची गोष्ट अधिक जवळची आहे. सत्तरीच्या घरातील या आजींना यूट्यूब म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. नातवाच्या आग्रहाने २०२० साली त्या कॅमेऱ्यापुढे आल्या आणि ‘आपली आजी’ म्हणून लाखो लोकांना परिचित झाल्या. त्यांच्याही मसाल्यांस मागणी आली. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात कोणा चोरट्याने त्यांचे चॅनल बळकाविले. सुदैवाने ते काही दिवसांत परत मिळाले. मेहनतीने जमविलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत हातचा जाऊ शकतो, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

धंदा दुसऱ्याच्या हाती गेला म्हणजे

आता दुसरी बाजू पाहू. अमेरिकेतील जिमी डोनाल्डसन हे ‘मिस्टर बीस्ट’ या नावाने प्रसिद्ध असून जगात सर्वांत अधिक सबस्क्राइबर त्यांच्या चॅनलला आहेत. त्यांनी डिसेंबर २०२० मध्ये आपल्या नावाने बर्गरची विक्री सुरू केली. त्यासाठी स्वतःचे स्वयंपाकघर उभारले नाही. देशभरच्या शेकडो खाणावळींतून ते बर्गर करवून घेण्याची व्यवस्था एका कंपनीकडे दिली. थोड्याच काळात अन्न कच्चे व निकृष्ट असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. २०२३ साली त्यांनी त्या कंपनीविरुद्ध फिर्याद केली, व कंपनीनेही त्यांच्यावर उलट दावा लावला. ज्याने खाल्ले त्याने दोष स्वयंपाक्यास दिला नाही, ज्याचे नाव डब्यावर होते त्यास दिला.

याच गृहस्थांनी २०२२ साली ‘फीस्टेबल्स’ नावाने चॉकलेटचा धंदा काढला. २०२४ साली या चॉकलेटची विक्री सुमारे २५ कोटी डॉलरची झाली व त्यात नफा झाला. उलट त्याच वर्षी व्हिडिओ तयार करण्याच्या कामात त्यांना तोटा आला, असे त्यांच्या कंपनीच्या कागदपत्रांवरून प्रसिद्ध झाले. एवढा मोठा प्रेक्षकवर्ग असलेल्या माणसाचाही नफा मालातून आला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

चीन देशातील ली झीची या तरुणीची हकीकत याहून बोधप्रद आहे. सिचुआन प्रांतातील मियांयांग भागातील ही मुलगी आजीआजोबांनी वाढविली. लहान वयात ती शहरात कामाला गेली आणि २०१२ साली आजीच्या सेवेसाठी गावी परतली. पुढे ती शेतीचे व घरकामाचे व्हिडिओ करू लागली. बी पेरण्यापासून ताटात वाढण्यापर्यंतचे काम तीत शांतपणे दाखविलेले असे. २०२१ साली चिनी भाषेतील चॅनलांत सर्वाधिक सबस्क्राइबर म्हणून तिची गिनीज पुस्तकात नोंद झाली. २०१८ पासून तिच्या नावाने खाद्यपदार्थांची विक्री सुरू झाली होती, व लिउझोउ शहराच्या शेवयांचा खप विशेष होता.

परंतु ज्या कंपनीत हा धंदा होता, तिच्यात शेकडा ५१ भाग भागीदार कंपनीचे व ४९ भाग तिचे होते. चेहरा तिचा, श्रम तिचे, नाव तिचे. परंतु सत्ता दुसऱ्याची. जुलै २०२१ मध्ये तिचे व्हिडिओ बंद पडले आणि प्रकरण न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड होऊन कंपनीचे ९९ भाग तिच्याकडे आले. तरीही ती प्रेक्षकांपुढे परतली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये. उमेदीची तीन वर्षे वादात गेली. सातबारा दुसऱ्याच्या नावे असलेल्या जमिनीत विहीर खणण्यासारखाच हा प्रकार झाला.

प्रस्तुत लेखकाची एक चूक

परदेशची उदाहरणे वाचून आपण मान डोलावतो. परंतु प्रसंग आपल्यावर आला म्हणजे चुकतो. म्हणून येथे स्वतःचीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावात बारा भगिनींचा एक गट जात्यावर तूरडाळ भरडून विकीत असे. तूर भिजवावयाची, उन्हात वाळवावयाची, जात्यावर भरडावयाची व सुपाने पाखडून चुनी आणि टरफल वेगळे काढावयाचे, हे सर्व काम त्या हाताने करीत. डाळ चवीला उत्तम, दिसावयास मात्र गिरणीच्या डाळीइतकी चकचकीत नाही. मीच त्यांना या कामाचा व्हिडिओ करण्यास सुचविले. गटातील एका मावशींनी जात्यावर बसून, ही डाळ लवकर का शिजते व तिला पॉलिश का नाही, हे आपल्या बोलीत सांगितले. तो व्हिडिओ अनपेक्षितपणे फार लोकांनी पाहिला आणि आठ दिवसांत बारा क्विंटल डाळीची मागणी आली.

गटाकडे तयार डाळ चार क्विंटल होती. दिवसाला अर्ध्या क्विंटलपेक्षा अधिक डाळ निघत नसे. मावशी म्हणाल्या, ‘साहेब, उरलेल्यांना पुढच्या महिन्यात देऊ म्हणून कळवू.’ मला मात्र वाटले की, आलेले गिऱ्हाईक परत जाईल. मी सल्ला दिला की, कमी पडेल तेवढी डाळ गिरणीतून घेऊन पाठवावी. तूर आपल्याच भागातील आहे, मग हरकत काय? त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तसे केले.

पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. व्हिडिओत दिसणारी डाळ निराळी व पुडक्यातली निराळी, हे कोणाही गृहिणीस पहिल्या मुठीतच कळते. गटाने त्या सर्व गिऱ्हाइकांचे पैसे परत केले. वर्षभराची बचत त्यात गेली. मी पैसे भरतो म्हटले, तेव्हा मावशींनी ते घेतले नाहीत. त्या इतकेच म्हणाल्या, ‘पैसा भरून येईल साहेब. माझं तोंड लोकांनी पाहिलंय, त्याचं काय?’

पुढे त्यांनी स्वतःहून दुसरा व्हिडिओ केला आणि त्यात झालेला प्रकार जसाच्या तसा सांगितला. त्यात माझे नाव त्यांनी घेतले नाही. आमची डाळ दरमहा इतकीच निघते, ती संपली म्हणजे पुढील महिन्यापर्यंत थांबावे लागेल, असेही त्यांनी सांगितले. गिऱ्हाइके हळूहळू परतली. परंतु पूर्वीचा खप यावयास दोन हंगाम लागले. प्रेक्षकांची संख्या हे भांडवल नव्हे, त्यांचा विश्वास हे भांडवल, ही गोष्ट मी पुस्तकातून नव्हे, त्या मावशींकडून शिकलो.

हिशेब आधी मांडावा

व्हिडिओ सुरू करण्यापूर्वीच कागदावर हिशेब मांडावा. पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल धरलेले आहेत. प्रत्येक गटाने ते आपल्या भागातील दराप्रमाणे बदलून घ्यावेत.

समजा, चॅनलचे नियमित प्रेक्षक एक लाख आहेत. त्यांपैकी शंभरांत एकाने वर्षातून एकदा दोन किलो डाळीचे पुडके घेतले, तर १००० पुडकी जातील.

एका पुडक्याची किंमत: ४८० रुपये
तूर ३ किलो, दर ७५ प्रमाणे: २२५ रुपये
भरडण्याची मजुरी: ७५ रुपये
पिशवी, खोके व लेबल: २५ रुपये
टपाल किंवा कुरिअर: ८० रुपये
नुकसान व परत आलेला माल: १५ रुपये
एकूण खर्च: ४२० रुपये
शिल्लक: ६० रुपये

म्हणजे १००० पुडक्यांवर शिल्लक ६०,००० रुपये, आणि मजुरीचे ७५,००० रुपये गटातच राहिले. दोन्ही मिळून १,३५,००० रुपये. बारा भगिनींत वाटणी केल्यास प्रत्येकीस वर्षाला ११,२५० रुपये मिळतील. यात कोणी लक्षाधीश होत नाही. परंतु घरच्या कामास जोड म्हणून ही रक्कम हलकी नाही. तेच गिऱ्हाईक वर्षातून दुसऱ्यांदा आले तर हीच रक्कम दुप्पट होते, आणि त्यासाठी नवा प्रेक्षक शोधावा लागत नाही.

आता मालाचा हिशेब पाहा. १००० पुडक्यांस २० क्विंटल डाळ लागेल, व त्यासाठी सुमारे ३० क्विंटल तूर. एकरी सहा क्विंटल उत्पन्न धरल्यास ही पाच एकरांची तूर झाली. दिवसाला अर्धा क्विंटल डाळ निघत असल्यास उन्हाचे चाळीस दिवस लागतील. हा हिशेब मी त्या वेळी मांडला असता, तर वरील चूक घडती ना.

कायदा आणि सचोटी

खाद्यपदार्थ विकावयाचा झाल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ प्रमाणे नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो व त्याचा क्रमांक पुडक्यावर छापावा लागतो. निव्वळ वजन, किंमत, तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता आणि तारीख हेही पुडक्यावर असले पाहिजे. धंद्याचे नाव व चिन्ह व्यापारचिन्ह कायद्याखाली नोंदवून घ्यावे. ही नोंदणी दहा वर्षे चालते व पुढे वाढविता येते. नवापूरची तूरडाळ, वायगावची व सांगलीची हळद, भिवापूरची मिरची, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ यांस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अशा नावाने दुसरीकडचा माल विकणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय आपल्याच शेतकरी बांधवांचा घात आहे.

पैसे घेऊन शिफारस करणाऱ्यांविषयी विशेष सांगावेसे वाटते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार, मोबदला घेतला असल्यास व्हिडिओत तसे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यासही १० लाख रुपयांपर्यंत, व पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

परंतु कायद्याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. एखाद्या शेतकऱ्याचे पीक उत्तम येते म्हणून हजारो शेतकरी त्याचे व्हिडिओ पाहतात. अशा माणसाने स्वतःच्या शेतात न वापरलेल्या औषधाची वा टॉनिकाची पैशासाठी वाखाणणी केली, तर त्याच्या एका वाक्यावर कोणी उसनवारी करून ती बाटली घेतो. पीक हातचे जाते ते त्याचे. कीटकनाशकाच्या बाबतीत तर नोंदणी झालेले औषध, त्याच्या लेबलावर दिलेल्या पिकासाठी व दिलेल्या मात्रेतच सुचवावे.

ग्रामकार्यकर्त्यांनी करावयाचे काम

१. सल्ला विचारणाऱ्या गटाकडे प्रथम शिकविण्यासारखे काय आहे, ते पाहावे. कलम बांधणे, बियाणे राखणे, हळद शिजविणे, मसाला कुटणे असे एखादे कसब हाती असेल तरच पुढे जावे.

२. सुरुवात घरातील मोबाइलवर करावी. पहिल्या वर्षी कर्ज काढून यंत्रसामग्री घेऊ देऊ नये. उजेड दिवसाचा व आवाज स्पष्ट असला म्हणजे पुरे.

३. आठवड्यातून एक याप्रमाणे निदान एक हंगामभर पाठ द्यावेत. प्रेक्षक काय विचारतात त्याची वही ठेवावी. गिऱ्हाइकास काय हवे ते त्या वहीतून कळते.

४. माल मर्यादित प्रमाणात विकण्यास काढावा. साठ्याहून अधिक मागणी आल्यास तारीख सांगून थांबण्याची विनंती करावी. दुसऱ्याचा माल आपल्या नावाखाली पाठवू नये.

५. गिऱ्हाइकांची नावे व पत्ते त्यांच्या संमतीने गटाच्या वहीत नोंदवावेत. चॅनल बंद पडले तरी ही वही आपली असते. आठवडी बाजार व प्रदर्शने येथील विक्रीही सोडू नये.

६. चॅनलचा पासवर्ड गटातील दोघींस ठाऊक असावा, बाहेरच्यास देऊ नये. दुहेरी पडताळणी चालू करून घ्यावी. मोबदल्याचे आमिष दाखवून आलेल्या अनोळखी संदेशातील दुवे उघडू नयेत.

७. भागीदारीचा करार आल्यास नाव कोणाचे, चॅनल कोणाचे, मोडले तर वाटणी कशी, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. सही करण्यापूर्वी जाणत्या वकिलास कागद दाखवावा.

उपसंहार

बियाण्याची पारख उगवणीवरून होते, व्यापाऱ्याची वजनावरून. व्हिडिओ दाखविणाऱ्याची पारख पुडके उघडल्यावर होते. हॅमिल्टनच्या जेनीबाई, सारोळा कासारच्या आजी आणि आमच्या जात्यावरच्या मावशी यांच्यात देशाचे व भाषेचे अंतर आहे. परंतु तिघींपाशी प्रथम हातचे कसब होते, मग ते दाखविण्याची उदारता आली, आणि विक्री त्यानंतर आली. हा क्रम जो उलटा करील त्याला प्रेक्षक मिळतीलही, गिऱ्हाईक मात्र दुसऱ्यांदा येणार नाही.

चर्चामंडळासाठी प्रश्न

१. आपल्या गावात शिकविण्याजोगे कोणते कसब आहे, आणि ते शिकणाऱ्यास कोणता माल लागेल?
२. आपल्या गटाचा माल दरमहा किती निघतो? त्याच्या तिप्पट मागणी आल्यास काय उत्तर द्याल?
३. न वापरलेल्या औषधाची शिफारस करण्यासाठी कोणी पैसे देऊ केले, तर काय कराल व का?